शिफारशीसह पुढे पाठवलेला अर्ज

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझ्या गुडघ्याचं दुखणं उताराला लागलं असेल आणि जिना चढताना तू भावोजींवर ओरडत नसशील (किंवा ओरडत असशील, म्हणजे तब्येत सुधारली), अशी आशा करतो. आम्ही इकडे खुशाल आहोत. खुशाल हा शब्द घरापुरता समजावा.

मी कॉलेजचा क्रीडाप्रमुख झालो त्याला परवा तीन महिने झाले. बावीस वर्षं पळणाऱ्या पोरींमागे शिट्टी घेऊन उन्हात काढली, आता पंख्याखाली खुर्ची मिळाली. खुर्चीबरोबर दोन दिवसांचं शिबिरही मिळालं. तिथल्या बाईंनी सांगितलं की नेतृत्व म्हणजे नाती जोडणं, आणि नाती जोडायची तर समोरच्याला नाही म्हणायचं नाही. मी वहीत लिहून घेतलं. (तुला माहीतच आहे, मी लिहून घेतलं की करतो. तिथेच सगळं बिघडतं.) आल्याबरोबर एकेका प्रशिक्षकाला वेगवेगळं चहाला बोलावलं. फुटबॉलच्या सरांना संध्याकाळी चार ते सहा पूर्ण मैदान हवं होतं, दिलं. हॉकीच्या सरांनाही तेच हवं होतं, दिलं. भालाफेकीच्या मॅडम तर इतकं गोड बोलल्या की त्यांना मी सहाचे साडेसहा करून दिले. त्या दिवशी मी शीळ घालत घरी गेलो.

सोमवारी चार वाजता तिघंही मैदानात उतरले. कुणाला लागलं नाही हे नशीब. एक भाला मात्र गोलच्या जाळीत जाऊन बसला (बरोबर मधोमध), आणि फुटबॉलवाल्यांनी तो गोल धरायला नकार दिला. ताई, हे तिघं नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. म्हातारा माळी सकाळी फक्कीने ज्या खेळाच्या रेघा मारील त्यांनी त्या दिवशी खेळायचं, असा मुकाट कारभार चालायचा. मी ‘संवाद’ सुरू करायचा म्हणून त्या रेघा बंद केल्या होत्या. दुसऱ्या दिवशी तिघं एका बाकावर बसले, एकमेकांच्या डब्यातलं खाल्लं आणि माझ्याविरुद्ध दोन पानी अर्ज लिहिला. नाती जोडली गेली, एवढं श्रेय माझंच.

अर्ज असा की, या माणसाला ऑफिसातून काढून ताबडतोब पुन्हा धावपट्टीवर पाठवावं. आमच्याकडे प्राचार्यांकडे जाणारा प्रत्येक कागद विभागप्रमुखाच्या (म्हणजे माझ्याच) सहीने जातो. हा माझ्या टेबलावर इतर सतरा कागदांत आला आणि मी नेहमीसारखं ‘शिफारशीसह पुढे पाठवीत आहे’ लिहून सही ठोकली. प्राचार्य म्हणाले, इतका एकमताचा अर्ज त्यांनी आजवर पाहिला नव्हता.

हसू नकोस. मला वाईट वाटत होतं ते रिलेच्या मुलींचं. स्पर्धा बारा दिवसांवर आली, माझ्या जागी अजून कुणी नेमलेलं नाही, आणि मी आपला ऑफिसच्या खिडकीतून हातवारे करतोय. ज्या सकाळी सही केली त्याच सकाळी शेवटचा टप्पा धावणारी दारात येऊन म्हणाली, “सर, तुमचे हात दिसतात, पण बॅटन घ्यायला पळायला कधी सुरुवात करायची ते कळत नाही.” फार लागलं मला ते. मी तिला बूट कसे आहेत ते विचारलं.

भावोजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. अर्ज मंजूर झाला. उद्या सहाला मैदानावर हजर व्हायचं आहे. तुझ्या भावजयीला अजून बोललो नाही. तिने दारावर ‘क्रीडाप्रमुख’ अशी पाटी लावून घेतली आहे (पितळी). ती तुझंच ऐकते. शनिवारी ये, आणि मी घरात नसताना तिला सांग.

आणखी एक, हे मात्र तिला सांगू नकोस. सही करण्याआधी मी तो अर्ज दोनदा वाचला होता. त्यांनी ‘पुन्हा धावपट्टीवर पाठवावं’ एवढंच लिहिलं होतं. त्याच्या आधीचं ‘ताबडतोब’ माझ्या हातचं आहे.