दुधाबरोबर नको

गुरु. ९ जाने. २००३, इब्री, ओमान

सुट्टी. धुणं, मग झोप, मग पुन्हा झोप.

दुपारी नासेरचा फोन. अर्बाब, म्हणजे मालक, सुट्टीच्या दिवशी फोन करतो म्हणजे साइटवर काहीतरी पडलं, नाहीतर त्याच्या कुत्र्यांना काहीतरी झालं. कुत्र्यांचंच होतं. रीम, त्याच्या शिकारी सलुकींमधली सगळ्यात लाडकी. खात नाही. काल सशामागे सोडली तर थोडी पळाली आणि खाली बसली. गावातला जनावरांचा डॉक्टर सुट्टीवर मिसरला गेलाय. मस्कत लांब, आणि गाडीत बसवली की ती ओकते. मला तो मुहंदिस म्हणतो, म्हणजे इंजिनियर. "मुहंदिस, तुझ्या बायकोचा भाऊ जनावरांचा डॉक्टर आहे ना?"

मीच कधीतरी बोललो असणार. माझी जीभ.

सु. गेल्यापासून तिच्या भावाशी, प्रमोदशी, बोललेलो नाही. ऑगस्टमध्ये माझा पासपोर्ट व्हिसासाठी मस्कतला अडकला होता, मी अकोल्याला पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. अग्नी त्याने दिला.  आमची मिनी तेव्हापासून त्याच्याकडेच. मी फोन करतो, त्याची बायको उचलते, "मिनी अभ्यास करतेय" म्हणते. मी बरं म्हणतो.

नासेरलाही बरं म्हटलं. म्हणजे इन्शाल्ला म्हटलं.

शनि. ११

दुपारच्या सुट्टीत लावला. प्रमोदने आवाज ओळखला. म्हटलं, एका कुत्रीबद्दल विचारायचं होतं.

"कुत्री?"

"शिकारी. अर्बाबची."

"बोला."

एकदम डॉक्टर झाला. हिरड्यांचा रंग? ताप? गोचिड? पाणी पिते? मला एकाचंही उत्तर येईना. "भाऊजी, कुत्री पाहिली तरी का तुम्ही?" नव्हती पाहिली.

संध्याकाळी फार्मवर गेलो. कुत्री मुराद सांभाळतो, बलुची. रीम गादीवर, पायांना मेंदी, अंगावर गोधडीसारखं काहीतरी. मी कुत्ता म्हटलं तर मुराद दुखावला. "साब, कुत्ता बाहर सोता है. ये सलुकी है." लहानपणी कुत्रा चावला होता तेव्हापासून मी चार हात लांब राहतो. आज ओठ वर करून आत पाहिलं. हिरड्या पांढऱ्याफटक. कानामागे गोचिड. प्रमोदने सांगितलं तशी मानेची कातडी चिमटीत धरून सोडली, ती सावकाश खाली गेली. रीमने मला पाहिलं, पण काही केलं नाही. तिचीही माझ्यासारखीच अवस्था असावी, चालू द्या म्हणणारी.

घरी येऊन पुन्हा फोन. गोचिडताप, म्हणाला. डॉक्सीच्या कॅप्सूल, माणसांच्या औषधांच्या दुकानातही मिळतात. "रक्त तपासता आलं तर तपासा. मी इथून अंधारात तीर मारतोय."

रवि. १२

कॅप्सूल सुरू. ऑफिसातून रीमचा फोटो ईमेलने पाठवला. प्रमोदचा उलट प्रश्न: अर्बाब उपाशी ठेवतो का? म्हटलं, ही जातच अशी, फासळ्या दिसल्या तरच चांगली म्हणतात. "आमच्याकडे अशा जनावराच्या मालकाला मी झापतो."

सु.बद्दल एक शब्द नाही. 

बुध. १५

आज फोन मिनीने उचलला.

"ती कुत्री कशी आहे?" पप्पा नाही, हॅलो नाही. फोटो मामाने दाखवला होता.

तशीच आहे, म्हटलं.

"नाव काय तिचं?"

"रीम. म्हणजे हरीण."

"कुत्रीचं नाव हरीण?" मग मामाला हाक मारली. एवढंच. ऑगस्टनंतरचं पहिलं बोलणं. तेव्हाचं शेवटचं वाक्य तिचं होतं, "पप्पा, तुम्ही उशीर का केला?" मी उत्तर दिलं नव्हतं.

शनि. १८

औषध चालू आहे आणि रीम खाली खालीच. सकाळी नाकातून रक्त आलं. नासेर मजलिसमध्ये, त्याच्या बैठकीत, कुणाशी बोलत नाही. मला म्हणाला, तुझा डॉक्टर म्हशींचा आहे. खोटं नाही.

फोन पुन्हा मिनीने घेतला. मी सांगितलं, बरी नाही. तिने तिच्या आईसारखी उलटतपासणी सुरू केली.

"ती उठल्यावर काय खाते?"

"खजूर. मुराद त्यातच गोळी घालतो."

"मग?"

"मग वाडगाभर उंटिणीचं दूध."

"उंटिणीचं?" आणि मागे ओरडून, "मामा, ती उंटिणीचं दूध पिते!"

प्रमोदने फोन ओढून घेतला. "दूध? गोळीवर दूध? अहो भाऊजी, या गोळीला दूध चालत नाही. दुधाबरोबर अंगीच लागत नाही ती. आठवडा पाण्यात गेला."

तसाच फार्मवर गेलो. मुरादला पटेना. आजारी जनावराला दूध तोडायचं? त्याच्या बापाने कधी तोडलं नाही. लोक म्हणतील अर्बाबचा हात आखडला. नासेरला बोलवावं लागलं. नासेरने बराच वेळ दाढीवर हात फिरवला आणि म्हणाला, "खलास. दूध नाही." मुराद वाडगा घेऊन आत गेला.

फोन ठेवण्याआधी प्रमोद म्हणाला होता, "मिनीने पकडलं. मी विचारायला हवं होतं." मागे मिनीचा आवाज नव्हता.

सोम. २०

मिनी फोनवर आली. बरी झाली की रीम काय करणार, विचारलं. म्हटलं, ससे पकडणार.

"मग ससे मरतील."

हो, म्हटलं. तिथली आजी, प्रमोदची आई, तिला रोज संध्याकाळी पंचशील म्हणायला लावते, त्यातलं पहिलंच, जीव मारू नये.

"मग हळूहळू बरी करा." आवाज बारीक होता. सर्दी असेल.

गुरु. २३

रीमने मांस खाल्लं. उभी राहिली. मला पाहून शेपूट हलवली, मीही हात लावला. हिरड्या किंचित गुलाबी.

सांगायला फोन केला. "मिनी अभ्यास करतेय."

शनि. २५

पुन्हा अभ्यास.

कुत्री सुधारली, माझं काम संपलं, असं दिसतं. रीम अजून थोडे दिवस आजारी राहिली असती तर, असं मनात आलं. आलं म्हणून लिहिलं. कशाचंच काही वाटत नाही असं वाटत होतं, आणि वाटलं तर हे.

बुध. २९

प्रमोदचा फोन, ऑफिसात. त्याने स्वतःहून कधी केला नव्हता. मला वाटलं आजी गेली.

मिनी दूध पीत नाही. घरात दुसऱ्या कुणी प्यायलं तर उठून जाते. काल मामीने रागावून विचारलं तेव्हा बोलली. आईच्या हृदयाच्या गोळ्या शेवटी शेवटी तीच द्यायची. दुधाबरोबर.

"मी सांगितलं तिला, त्या गोळ्या वेगळ्या होत्या. तर म्हणते, तुम्ही गुरांचे डॉक्टर."

मी समोरची फाइल बंद केली.

"भाऊजी, आहात ना?"

आहे, म्हटलं.

"ताईला शेवटी... जाऊ द्या. ते दुधाने नव्हतं, एवढं मला माहीत आहे. पण तिला माझ्याकडून नकोय ते."

फोन ठेवल्यावर ड्रॉइंग पुढ्यात घेतलं. तीच रेघ पुन्हा पुन्हा मोजत बसलो.

गोळ्या दुधाबरोबर दे, उपाशीपोटी नको, हे मिनीला मीच फोनवर सांगायचो. इथून. हे तिला आठवत नसेल. किंवा आठवत असेल आणि ती कुणाला सांगत नसेल.

गुरु. ३०

औषधांच्या दुकानात गेलो. मल्याळी फार्मासिस्ट. सु.च्या गोळ्यांची नावं मला तोंडपाठ आहेत, इतक्या वेळा फोनवर वाचून घेतली होती. एकेक सांगितली. "दूध, चाय, पानी, सब चलेगा. नो प्रॉब्लेम." पुन्हा विचारलं. त्याने पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर त्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि खुर्ची पुढे केली.

बसलो. रडू आलं. दुकानात एक बाई होती, ती बाहेर गेली.

रवि. २ फेब्रु.

मिनीला फोनवर आणायला लावलं. सांगितलं: आईच्या गोळ्यांना दूध चालत होतं. विचारून आलोय.

"कुणाला?"

"इथल्या दुकानदाराला."

"त्याने आईला पाहिलं होतं?"

नाही.

"तुम्ही पण नव्हते."

फोन मामीकडे गेला. चूक तिची नाही. हे असं फोनवरून सांगण्यासारखं नाहीच. कुत्रीच्या हिरड्यासुद्धा इथे जाऊन बघाव्या लागल्या.

बुध. ५

नासेरकडे सुट्टी मागितली. ईदच्या तोंडावर, साइट अर्धी. म्हणाला, शिकारीचा हंगाम संपू दे. माझा आवाज चढला, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मजलिसमधले सगळे वळून बघायला लागले. रीम कोपऱ्यातून उठून आली आणि माझ्या पायाशी बसली. तिच्यामुळे की माझ्यामुळे, कळत नाही, पण नासेर आत गेला आणि त्याच्याकडे ठेवलेला माझा पासपोर्ट घेऊन आला. "यल्ला, मुहंदिस. जा."

रवि. ९

गोळ्या संपल्या. प्रमोद म्हणाला, आता दूध द्यायला हरकत नाही. फार्मवर गेलो. मुरादने वाडगा असा आणला की जणू नवरीमुलगी येतेय. रीमने शेवटपर्यंत चाटला, मग रिकामा वाडगा वाळूत ढकलत नेला.

तिथूनच नासेरच्या मोबाइलवरून फोन. मिनी होती.

"रीमने आज दूध प्यायलं."

"सगळं?"

"सगळं."

"काही झालं नाही?"

"नाही. पळतेय. मुराद मागे."

 नासेरने हाताने खूण केली, बोल, बोल, चालू दे.

 गोळ्या दुधाबरोबर द्यायला मीच सांगितलं होतं, हे अजून सांगायचं राहिलं. तिकीट उद्याचं आहे. समोर बसून सांगेन, ती ऐकेल की उठून जाईल, माहीत नाही.

"मिनी?"

 तिने फोन मामीला दिला नाही. तिचा श्वास ऐकू येत होता.