तीन पोळ्यांचा डबा

कर्वेनगर, पुणे
१७ एप्रिल २००१

ती. शालनताई यांस,
दीपमालाचा सविनय जय भीम. वि. वि.

तुमचं कार्ड काल मिळालं. फोनवर बोलता येतं हे खरं, पण आमचा फोन बैठकीत, त्याच्यासमोर टीव्ही आणि टीव्हीसमोर तुमचे धाकटे बंधू. मनातलं काही बोलणं होत नाही. टपाल दुपारी येतं, तेव्हा घरी मी एकटीच असते. म्हणून पत्रच बरं.

मागच्या आठवड्यात आम्ही दवाखान्यात जाऊन आलो. बातमी चांगली आहे. तुमचा आणि ह्यांचा रक्तगट जुळला होताच, आता बाकीच्या तपासण्याही जुळल्या. ह्यांची एक किडनी तुम्हाला चालेल, असं मोठ्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. ऐकून हे असे खुलले की जणू दहावीचा निकाल लागला. घरी येताना अभिनवला पेढे घेतले आणि त्यातले चार स्वतःच खाल्ले.

ते चार पेढेच आता अडचणीचे आहेत. ह्यांचं वजन अठ्ठ्याऐंशी किलो भरलं. ऐंशीवर आणा, मग तारीख देतो, असं डॉक्टर म्हणाले. एवढ्या चरबीत ऑपरेशन केलं तर देणाऱ्यालाच धोका, असंही म्हणाले. कंपनीत लागल्यापासून ह्यांचं असंच झालंय. दिवसभर संगणकापुढे बसायचं, अकराला सँडविच, चारला कोणाचा तरी वाढदिवस.

तिथल्या आहाराच्या बाईंनी कागद लिहून दिलाय. सकाळचं ब्रेड-बटर बंद, रात्रीची पोळी बंद, दुपारच्या डब्यात पाचाऐवजी तीन पोळ्या. ब्रेड त्याच दिवशी बंद केला. पण ते तीन काही मला पटलं नाही. माझी आई ताटात कधी तीन पोळ्या वाढत नसे. म्हणून मी दोनच देते. त्यांचं दोनांत छान भागतं, तक्रार नाही. जुन्या डब्याचं झाकण नीट बसेना, म्हणून परवा नवा रुंद डबा आणला.

तुम्ही काळजी करू नका. उन्हात बाहेर पडू नका. आहे तशी माया राहू द्यावी.

आपली,
दीपमाला

नागपूर
२ मे २००१

चि. सौ. दीपमाला हिस,
शालनताईचा सप्रेम जय भीम व आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. तू मराठी इतकं सरळ लिहितेस आणि बोलताना मात्र पुणेकर होतेस, हे कसं जमतं ते एकदा सांग.

इकडे पंचेचाळीस डिग्री आहे. मला दिवसाला पाऊण लिटर पाणी, चहा-वरण धरून. सकाळी एक स्टीलची बाटली भरून ठेवते आणि ती रात्रीपर्यंत पुरवायची. दरवर्षी दसऱ्याला दीक्षाभूमीवर मी सकाळपासून लोकांना पाणी वाटायची, ते आठवून आता हसू येतं. शाळा सुट्टीमुळे बंद आहे हे नशीब. डायलिसिस आठवड्यातून दोनदा. डाव्या हाताची शीर गेली, आता उजव्या हातावर चाललंय. ही शीर गेली तर पुढे कुठे टोचणार ते डॉक्टर सांगत नाहीत. या वर्षाच्या आत ऑपरेशन झालं पाहिजे, एवढं मात्र सांगतात. आमच्या ह्यांना साखर, त्यांची किडनी चालत नाही, आई-वडील तर गेलेच. म्हणजे सगळी भिस्त धाकट्या आनंदाच्या पोटावर. लहानपणी माझ्या ताटातली भाकर पळवून खायचा, आता व्याजासकट वसूल करते म्हणावं.

तू दोनच पोळ्या देतेस हे वाचून मला त्याची दयाच आली. तीन सांगितल्या आहेत तर तीन दे. उपाशी माणूस कंपनीतल्या केकवर जास्त हात मारतो.

पुढच्या महिन्यात आनंदा एका तपासणीसाठी इकडे येणारच आहे. अभिनवला गणिताचा अभ्यास सुट्टीतही करायला लाव, आत्याने सांगितलंय म्हण. घरातल्या सगळ्यांवर जीव आहेच, तो तसाच समजावा.

तुझी,
शालनताई

कर्वेनगर, पुणे
२१ जून २००१

ती. शालनताई यांस,
सविनय जय भीम. वि. वि.

हे नागपूरहून परत आले ते तुमच्याच गोष्टी सांगत. तुम्ही फार वाळलात म्हणाले.

काल दवाखान्यात वजन केलं. सत्त्याऐंशी. दोन महिन्यांत एक किलो. आहाराच्या बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच चोर. मी त्यांना सांगितलं, सकाळचा ब्रेड नाही, रात्री पोळी नाही, डब्यात दोनच. त्यांनी वहीत लिहून घेतलं आणि काही लोकांचं वजन हळूच उतरतं म्हणाल्या. हे रोज पहाटे कालव्याच्या कडेने चालायला जातात. बिचारे मनापासून करतात. कंपनीत केक आला तर उठून पाणी प्यायला जातात, हे त्यांच्या बरोबरच्या मुलीनेच मला सांगितलं. डॉक्टरांनी तारीख पुढे ढकलली, आता सप्टेंबरला परत बघू म्हणाले.

दवाखान्याचा एक कागद आहे, त्यावर बायकोची सही लागते. तो टेबलाच्या खणात आहे. वजन उतरलं की करू, घाई काय.

मला काही सुचत नाही. अंगकाठीच तशी असेल एखाद्याची. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुमचा आशीर्वाद आमच्या पाठीशी असू द्या.

आपली,
दीपमाला

नागपूर
३० जून २००१

चि. दीपमाला हिस,
सप्रेम जय भीम. वि. वि.

हे पत्र वाचून झालं की फाडून टाक. आनंदाला मी काही सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही.

मी बावीस वर्षं सहावीला गणित शिकवते, तेव्हा उत्तर जुळलं नाही की मला झोप येत नाही. पाचाच्या दोन पोळ्या झाल्या तर जुना डबा सैल व्हायला हवा होता. तुला मोठा का आणावा लागला? दुसरं, आनंदा इकडे जेवायला बसला तेव्हा मी फुलके केले होते. सहा खाऊन तो म्हणाला की दीपमालाच्या दोन पोळ्यांनी माझं पोट भरतं, तुझे सहा कुठे गेले कळत नाही. त्याने ते तुझ्या कौतुकानेच सांगितलं. तो संगणकवाला आहे, तो पोळ्या मोजतो. कणीक किती ते त्याच्या डोक्यात यायचं नाही. आणि तिसरं, तीनचा आकडा. आपल्या घरात रोज त्रिशरण म्हणतात, तेही तीन-तीनदा. तुझ्या सासऱ्यांनी छप्पन साली दीक्षा घेताना असल्या सगळ्या समजुती बाहेर टाकल्या आणि तू बारा वर्षांत त्यातली एकही कधी पाळलेली मी पाहिली नाही. मग ह्याच वेळी आईचं ताट कसं आठवलं?

पाच पोळ्यांची कणीक तू दोन पोळ्यांत घालतेस.

रागावून लिहीत नाही. पहिल्या दिवशी मला राग आला, खोटं कशाला बोलू. शीर संपत चाललेल्या माणसाला येणारच. दुसऱ्या दिवशी माझी पाण्याची बाटली भरताना मी स्वतःकडेच पाहिलं. ती मी रोज दोन घोट जास्त भरते, दीपमाला. आमचे हे वळले की नळाखाली पुन्हा धरते. मग डायलिसिसच्या वेळी डॉक्टर विचारतात, पाण्याचं वजन कसं वाढलं, आणि मी म्हणते, माझी अंगकाठीच तशी. तेव्हा तुला बोलायला माझं तोंड नाही.

पण एक सांग. तुला हे ऑपरेशन नको असेल तर तसं मला लिही. मीच आनंदाला कळवेन की मला त्याची किडनी नको. कारण माझं मी शोधेन, तुझं नाव येणार नाही. तो तुझा नवरा आहे, अभिनवचा बाप आहे, त्याचं पोट कापू द्यायचं की नाही हे बोलण्याचा तुला हक्क आहे. पण पोळीच्या आड राहून नको. तिकडे तो चालून चालून दमतो, इकडे मी कॅलेंडर बघते, आणि मधे तू एकटीच सगळं ओढतेस.

जे लिहिशील त्याने आपल्यात अंतर पडणार नाही, हा विश्वास ठेव.

तुझी,
शालनताई

कर्वेनगर, पुणे
९ जुलै २००१

ती. शालनताई यांस,
सविनय जय भीम.

तुमचं पत्र फाडलं नाही. दोन दिवस पिठाच्या डब्यात ठेवलं होतं.

तुम्ही लिहिलंत ते खरं आहे. ठरवून केलं असं नाही म्हणता येणार, पण माहीत नव्हतं असंही नाही. पहिल्या दिवशी मी पाच उंडे केले आणि त्यातले दोन बाजूला ठेवताना मला डॉक्टरांचं वाक्य आठवलं, देणाऱ्यालाच धोका. वजन ऐंशी झालं की हे त्या टेबलावर जाणार. सत्त्याऐंशी राहिलं तर जाणार नाहीत. मग माझ्या हातांनी ते पाचही उंडे एकत्र केले आणि त्याचे दोन केले. आत तेल लावून घडीच्या लाटल्या. दुसऱ्या दिवशीही तसंच. तीनचं कारण मी आधी तुम्हाला सांगितलं, मग स्वतःलाही खरं वाटायला लागलं.

माझ्या वडिलांना अपेंडिक्ससाठी नेलं होतं. साधं ऑपरेशन, चार दिवसांत घरी, असं सगळे म्हणाले. मी तेव्हा अकरा वर्षांची होते, अभिनव आता दहाचा आहे. ते परत आले नाहीत. हे मी ह्यांना लग्नानंतर एकदा सांगितलं होतं, ते विसरले असतील. ताई, मला तुम्ही जगायला हव्या आहात. पण मला हेही घरी परत यायला हवे आहेत. दोन्ही एकदम मागायला मला भीती वाटत होती.

तुमचं पत्र घेऊन शुक्रवारी मी एकटीच डॉक्टरांकडे गेले. दीड तास बसले तेव्हा भेटले. एका किडनीवर माणूस किती वर्षं जगतो, भूल किती वेळ, रक्त किती, सगळं विचारलं. त्यांनी मला सगळं नीट सांगितलं. भीती गेली नाही. पण मग मी त्यांना विचारलं, की वजन न उतरवता ऑपरेशन करावं लागलं तर? ते म्हणाले, बहिणीची तब्येत बिघडली तर भाऊ हट्ट धरतातच, आणि मग जास्त वजनावरच करावं लागतं. म्हणजे माझ्या पोळ्यांनी मी ह्यांना वाचवत नव्हते, जास्त धोक्यात घालत होते.

संध्याकाळी ह्यांना सगळं सांगितलं. त्यांनी नवा डबा उचलून हातात तोलून पाहिला. मग म्हणाले, तरीच मला दुपारी मीटिंगमध्ये झोप येते. एवढंच. नंतर त्यांनी माझ्या वडिलांचं नाव काढलं. ते विसरले नव्हते.

कागदावर सही केली आहे. तो रुंद डबा आता अभिनवच्या रंगांसाठी आहे. आज जुन्या डब्यात तीन फुलके दिले. तुम्हीही नळाखालची बाटली सोडा, नाहीतर मी तुमच्या ह्यांना पत्र लिहीन.

मला माफ करा, आणि मनातली जागा काढून घेऊ नका.

तुमची,
दीपमाला

कर्वेनगर, पुणे
२८ ऑक्टोबर २००१

ती. शालनताई यांस,
सविनय जय भीम. वि. वि.

दसऱ्याला यंदा तुम्ही दीक्षाभूमीवर खुर्ची टाकून बसलात आणि दुसऱ्यांना पाणी वाटायच्या सूचना दिल्यात, हे फोनवर कळलं. बाटली मापात आहे हेही कळलं.

वजन काल एकोणऐंशी आणि सातशे ग्रॅम भरलं. आहाराच्या बाईंनी ह्यांची पाठ थोपटली. मला म्हणाल्या, तुम्ही काय केलंत? मी म्हटलं, कागदात लिहिलं होतं तेच. पँटा सगळ्या सैल झाल्यात, हे पट्ट्याला खिळ्याने नवं भोक पाडून कंपनीत जातात.

तारीख मिळाली, सोळा नोव्हेंबर. तुम्ही आठला महाराष्ट्र एक्स्प्रेसने निघा. इथल्या दवाखान्यात दहा तारखेचं डायलिसिस सांगून ठेवलं आहे. आतली खोली तुमची, गच्चीचा जिना चढू नका. मला अजूनही भीती वाटते, पण आता ती मी ह्यांच्यासमोर बोलून दाखवते आणि ते ऐकून घेतात.

तुम्ही पाहुण्या म्हणून येऊ नका. ऑपरेशनच्या आधी पाच-सहा दिवस मिळतील. तुम्हाला ओट्यापाशी उभं राहायचं नाही, खुर्ची देईन. ह्यांच्या डब्यासाठी कणकेचे उंडे तुम्ही करून द्यायचे, केवढे ते तुम्ही ठरवायचं. मी लाटेन.

वाट बघते.

तुमची,
दीपमाला