व्याह्यांना शहर आवडलंच पाहिजे

६ नोव्हेंबर, बुधवार

व्याही येताहेत. शनिवारी. सपत्नीक. आठ दिवस. उत्तरेकडच्या मॉन्तेरेईहून नऊशे किलोमीटर स्वतःची गाडी हाकत. विमानं काय बंद पडलीत? घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं. इथे तर घोड्यावर बसून स्वतःच येतोय.

मुद्दा असा. यादिराचं लग्न जानेवारीत. होणारा जावई रोलान्दो म्हणजे गरीब गाय. त्याला नोकरी तिकडेही आहे आणि इथे मेक्सिको सिटीतही मिळतेय. पण तो बापाच्या शब्दाबाहेर नाही. आणि बापाचं, म्हणजे डॉन अर्नुल्फोचं मत असं की राजधानी ही माणसांनी राहायची जागाच नव्हे. धूर, भूकंप, पाकीटमार. माझी एकुलती एक पोर नऊशे किलोमीटर लांब जाणार. का? तर ह्यांना धूर सोसत नाही!

ठरलं. आठ दिवसांत शहर असं दाखवायचं की व्याह्यांनी आपल्या तोंडाने म्हटलं पाहिजे, पोरांनो, इथेच राहा.

सत्तावन्न वर्षं इथे काढली. मला गाइड लागत नाही. बायको होव्हिता म्हणाली, म्हाताऱ्या, तू चापुल्तेपेकच्या किल्ल्यावर शेवटचा कधी गेला होतास? सहावीत. बरं मग? किल्ला काय पळून गेलाय?

९ नोव्हेंबर, शनिवार. संध्याकाळ

आले. गाडी गल्लीत मावेना. बर्फाच्या पेटीत दहा किलो मांस आणि मैद्याच्या तोर्तियांची, म्हणजे त्यांच्याकडच्या पोळ्यांची चळत. जणू आम्ही इथे उपाशी मरतोय. मिठी अशी मारली की माझ्या पाठीत काहीतरी मोडलं. पहिलं वाक्य: "डॉन एलिहिओ, तुमच्याकडे श्वास कशाने घेतात हो?" सगळे हसले. यादिराही हसली. मीही दात दाखवले.

संकल्प: चिडायचं नाही. निदान बुधवारपर्यंत.

१० नोव्हेंबर, रविवार

चापुल्तेपेकचा किल्ला. रविवार मुद्दाम निवडला, कारण रविवारी आपल्या देशाच्या माणसांना प्रवेश फुकट. ही युक्ती मला ठाऊक होती. ती उरलेल्या सगळ्या शहरालाही ठाऊक निघाली. रांग डोंगराच्या पायथ्यापासून. मी रांगेत उभा राहून किल्ल्याचा इतिहास सांगायला सुरुवात केली. पुढची बाई मागे वळून म्हणाली, साहेब, तो सम्राट वेगळा. मी म्हटलं, बाई, तुम्ही पुढे बघा.

व्याही तोवर मागच्या कुटुंबाबरोबर कठड्यावर बसून त्यांचे चिचारोन, डुकराच्या कातडीचे तळलेले कुरकुरीत तुकडे, खात होते. नावं विचारली, पत्ते घेतले. हा माणूस किल्ला बघायला आला होता की सोयरीक जुळवायला? आम्ही दाराशी पोचलो आणि दार बंद झालं. विहीणबाई दोन्या एल्बा म्हणाल्या, बाहेरूनही छान दिसतो हो. टोमणा कळतो मला.

येताना रस्त्यावर केसादिया, म्हणजे सारण भरून दुमडलेल्या तोर्तिया, खाल्ल्या. व्याह्यांनी उघडून पाहिली. "ह्यात चीज कुठंय?" मी म्हटलं, नावात चीज असलं तरी इथे मागितलं तरच घालतात. मग अर्धा तास तेच. म्हणे, केसादियात चीज नाही म्हणजे नवरदेवाशिवाय वरात! केसादियावाली पोट धरून हसली. ती माझ्या गल्लीतली, तिने माझी बाजू घ्यायला हवी होती.

११ नोव्हेंबर, सोमवार

मानववंशशास्त्राचं म्युझियम. बंद. सोमवारी ह्या शहरातली म्युझियमं बंद असतात हे म्हणे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मला कसं असणार? एकतीस वर्षं सोमवारी मी ऑफिसात होतो. इमानदारीने नोकरी केलेल्या माणसाला सोमवारचं म्युझियम कुठून ठाऊक असायला? उलट हा माझ्या चारित्र्याचा पुरावा आहे. हे मी व्याह्यांना सांगितलंसुद्धा. ते म्हणाले, "पटलं," आणि माझ्या पाठीवर थाप मारली. त्याच जागी.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

सोचिमिल्को. कालवे, फुलांच्या कमानींच्या नावा, नावेतून गाणारे-वाजवणारे मारियाची. इथे माझा हात कोण धरणार?

नावाड्याकडून बांबू घेतला. दाखवलं, असं रेटायचं. बांबू चिखलात रुतला, नाव पुढे गेली, मी वेळेवर सोडला म्हणून वाचलो. मागच्या नावेतल्या लोकांनी बांबू आणून दिला आणि टाळ्या वाजवल्या. मग व्याह्यांनी घेतला. रेटत नेली तासभर! मारियाचींची नाव शेजारी ओढून त्यांच्याकडून स्वतःची उत्तरेकडची गाणी वाजवून घेतली. चार नावा मागे लागल्या. यादिरा म्हणाली, पप्पा, किती मजा येतेय ना! मी म्हटलं, डोकं दुखतंय.

प्रगती: व्याह्यांनी दिवसभरात "श्वास" हा शब्द उच्चारला नाही. शहर चढतंय त्यांच्यावर.

१३ नोव्हेंबर, बुधवार

उंच टॉवरवर गेलो. वरून सगळं शहर दिसतं. आज धुरकं होतं, म्हणून फक्त टॉवरची गच्ची दिसली. व्याही म्हणाले, आमच्याकडे खिडकी उघडली की डोंगर दिसतो. तो त्यांचा खोगिरासारखा डोंगर! आठवड्यात अकराव्यांदा. मी मोजतोय.

खाली एका परदेशी जोडप्याने मला कॅथेड्रल कुठे म्हणून विचारलं. मी ताबडतोब सांगितलं. डावीकडे, मग सरळ. व्याही म्हणाले, अहो, ते तर आपल्या पाठीमागे आहे ना? असेल. पण मी आयुष्यात कुणाला "माहीत नाही" म्हणून परत पाठवलेलं नाही. इथे कुणीच पाठवत नाही. दारी आलेल्याला रिकाम्या हाताने घालवायचं म्हणजे काय? मॉन्तेरेईवाल्यांना हे कळायचं नाही.

चिडायचं नाही हा संकल्प आज संपला. शेवटचा हुकमी पत्ता उद्या. तेओतिवाकानचे पिरॅमिड! त्यापुढे खोगीर काय करणार?

१४ नोव्हेंबर, गुरुवार. संध्याकाळ

सविस्तर लिहितो, म्हणजे पुढे कुणी काही म्हटलं तर माझ्याकडे नोंद असावी.

व्याह्यांची गाडी. त्यांच्या फोनमधली बाई रस्ता सांगत होती. मी म्हटलं, बंद करा तिला, मी आहे ना. एक जवळचा रस्ता मला माहीत होता. तो हल्ली बदलला आहे. मग एका पंक्चरवाल्याला विचारलं. त्याने क्षणभरही विचार न करता सांगितलं, उजवीकडे, चर्चवरून खाली. चर्चपाशी एका आजीला विचारलं. ती ठासून म्हणाली, मागे जा, निवडुंगाच्या शेताला वळसा घाला. तिथे पोलीस भेटला. तो म्हणाला, सरळ, सरळ, कुठेही वळू नका. तिघांनी तीन वेगळ्या दिशा छातीठोकपणे सांगितल्या. होव्हिता मागून म्हणाली, म्हाताऱ्या, तिघेही तुझेच भाऊ दिसतात.

सरळ गेलो तो एका गावात घुसलो आणि रस्ता संपला. गावाचं नाव लिहीत नाही. त्यांच्या देवाचा उत्सव. बँड, फटाके, रस्त्यात टेबलं मांडलेली. आम्ही गाडी वळवायच्या आत एक मिशाळ माणूस आला. यंदाचा उत्सव त्याच्याकडे, म्हणजे गावजेवण त्याचं, आणि ह्या गावांत आल्यागेल्याला जेवल्याशिवाय सोडत नाहीत. मी म्हटलं, आम्हाला पिरॅमिडला जायचंय. तो म्हणाला, पिरॅमिड दोन हजार वर्षं थांबलेत, मोले गार होईल.

बसलो. टर्कीचं मोले, म्हणजे मिरची-चॉकलेटचा दाट रस्सा, भात, पुन्हा मोले. व्याह्यांनी तीन ताटं हाणली. मैद्याच्या नव्हे, मक्याच्या तोर्तियांबरोबर! मग विहीणबाईंना घेऊन नाचले. मग लोकांनी देवाच्या पालखीला खांदा द्यायला बोलावलं, तर हे सर्वांत पुढे. यादिरा त्यांचे फोटो काढतेय. माझा एकही नाही.

परत येताना व्याह्यांनी मध्येच गाडी बाजूला घेतली. मला वाटलं, पोट बिघडलं. तर डोळे पुसत होते. म्हणाले, "डॉन एलिहिओ, बावीस वर्षं एका घरात राहतो. शेजाऱ्याने अजून पाणी विचारलेलं नाही. आणि ही माणसं बघा." मी म्हटलं, आहेच तसं. शहराच्या चहूबाजूला अशी गावं आहेत. दर रविवारी कुठे ना कुठे उत्सव. (किती आहेत ते मला माहीत नाही. पण म्हटलं.)

वाटेत उजवीकडे मी त्यांना पिरॅमिड दाखवला. होव्हिता म्हणते, तो खाणीचा ढिगारा होता. लांबून काय फरक पडतो?

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

जिंकलो! व्याही सकाळीच एकटे फिरून आले. पाववाल्याला नावाने हाक मारतात. म्हणे, इथला धूर अंगवळणी पडतो. रोलान्दोला फोन लावून तासभर बोलत होते. मी दाराला कान लावला. "शहर लाखात एक आहे" एवढं स्पष्ट ऐकू आलं.

होव्हिताला म्हटलं, बघितलंस? नियोजन म्हणतात ह्याला. ती भांडी आवरत राहिली. हेवा.

यादिरासाठी मनातल्या मनात गल्लीच्या टोकाचा फ्लॅट पक्का केला. रोज संध्याकाळी येईल कॉफीला.

१७ नोव्हेंबर, रविवार. सकाळचे अकरा

न्याहारीला व्याही उभे राहिले. सगळ्यांसमोर म्हणाले, डॉन एलिहिओ, तुम्ही माझे डोळे उघडलेत. माणसाने म्हातारपण काढावं तर ह्याच शहरात.

मी मान डोलावली.

म्हणाले, आम्ही दोघं इकडे राहायला येतोय. मॉन्तेरेईचं घर मोकळं होईल, तीन खोल्या, अंगण, मांस भाजायचा ओटा. ते पोरांना देतो. हार्डवेअरचं दुकानही रोलान्दोच चालवेल. इथली नोकरी तो कळवून टाकतोय, नको म्हणून.

यादिरा माझ्या गळ्यात पडली. पप्पा, हे फक्त तुझ्यामुळे झालं! ह्या वयात आपलं स्वतःचं घर! मला रडू आलं. पोर चालली माझी. मला आवरेना. सगळ्यांना वाटलं, आनंदाने. व्याह्यांनी पाठीवर थाप मारली.

जागा मिळेपर्यंत व्याही आणि विहीणबाई आमच्याकडेच राहणार. यादिराची खोली रिकामी होतेच आहे, होव्हिता म्हणाली. दर रविवारी मी त्यांना एकेक स्थळ दाखवायचं असं ठरलं आहे.

प्लॅन तसा यशस्वी झाला. व्याह्यांना शहर आवडलं. ते उद्या सकाळी सामान आणायला निघताहेत, आणि यादिरा त्यांच्याच गाडीने घर बघायला मॉन्तेरेईला जातेय. तिला वाटेत खायला काय बांधून द्यावं, हे होव्हिताला विचारायला हवं.