रविवारी दहाचा फोन

धुळे,
११ जानेवारी १९९९

चि. यादव यास अक्काचा जयभीम आणि पोटभर आशीर्वाद. आम्ही सगळे ठीक, तुम्हीही असाल.

काल ठरल्याप्रमाणे दहाला कॉम्प्युटरपुढे बसले. तू म्हणाला होतास, तुझा कॉम्प्युटर फोन लावेल, माझा आपोआप उचलेल, आणि मग तू जळगावात बसून माझ्या पडद्यावर बाण फिरवशील. फोनला हात लावायचा नाही, म्हणून मी पदरात हात गुंडाळून बसले. एकदा घंटी वाजली नि गप्प. परत एकदा, परत गप्प. कसला बाण नि कसलं काय! शाळेचे पेपर टाइप करून द्यायचेत आणि छापताना अक्षरांच्या जागी नुसते चौकोन येतात. मास्तर लोक मला वेड्यात काढतील.

आई बरी आहे. घराची फरशी होईपर्यंत पंधरा दिवस म्हणून पाठवलीस, त्याला पुढच्या महिन्यात दोन वर्षं होतील. शेजारच्या मंजुळाबाईंना ती अजून सांगते, चार दिवस आलेय लेकीकडे. जावयाच्या घरी दुसरी भाकरी मागत नाही, वाढली तर पोट भरलं म्हणते. पूर्वी रविवारी दहाला तिला तुझा फोन यायचा, दिवाळीपासून तोही बंद. घरी कधी जायचं, विचारते. काय सांगू ते कळव. फोनवर हे बोलता येत नाही, तिचे कान इकडेच असतात.

सौ. बेबास आशीर्वाद. मया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
सुंदर अक्का

---

मेहरूण, जळगाव,
१४ जानेवारी १९९९

ती. स्व. अक्कास यादवचा सविनय जयभीम. पत्र पावलं.

मला वाटतं दोष तुझ्याकडच्या वायरीत आहे. मोडेम, म्हणजे कॉम्प्युटरला फोन जोडणारी ती डबी, तिची वायर बदलून घे. धनसिंग वायरमनला बोलाव, भिंतीतला जोडही बघू दे. पुढच्या दोन्ही रविवारी दहालाच फोन लावेन.

आईला सांग, कॉलेजच्या परीक्षा झाल्या की येतो. खोलीचंही थोडं काम उरलंय. भाऊजींना जयभीम. आहे तसा लोभ ठेव.

तुझा,
यादव

---

धुळे,
२५ जानेवारी १९९९

चि. यादव यास अक्काचा जयभीम आणि आशीर्वाद.

अरे, सापडला तुझा दोष! धनसिंगने दोनदा वायर बदलली, बिचाऱ्याने खुर्चीवर चढून भिंत उकरली. काल घंटी तुटली तशी मी सहज मागच्या खोलीत गेले. तिथे दुसरा फोन आहे ना, त्याच लाईनवरचा. आई तो कानाला लावून बसलेली! रविवारी दहाला घंटी वाजली की तुझाच फोन, हे तिच्या डोक्यात पक्कं. माझ्या यंत्राआधी म्हातारीच उचलते, मग यंत्र काय उचलणार? तुम्ही कॉलेजात शिकवता, प्रोफेसर, आणि अडवलं कोणी, तर आपल्या आईने, भिकुबाईने!

मी म्हटलं, आई, तिकडे कोणी नसतं, कॉम्प्युटर असतो. ऐकेना. म्हणते, यादव बोलत नाही पण ऐकतो, मधून मधून हुंकार देतो. म्हणजे तुझ्या यंत्राचं ते टूं टूं. मिनिटभरात लाईन तुटते, म्हणून आठवड्याचं सगळं घाईघाईने सांगते. मला आधी हसू आलं, मग चहा गेला नाही.

येत्या रविवारी तो मागचा फोन काढून ठेवू का? तुझं काम होईल, पण माझा हात धजत नाही. लवकर कळव. लहान आहेस म्हणून आशीर्वाद, नाहीतर कान धरला असता.

तुझी,
सुंदर अक्का

---

मेहरूण, जळगाव,
२७ जानेवारी १९९९

ती. स्व. अक्कास जयभीम.

अक्का, तो फोन काढू नकोस. मी खोटं लिहिलं. वायरीत काही नव्हतं, आणि मला ते पहिल्याच रविवारी कळलं होतं.

फोन लावताना मोडेममधून लाईनवरचं ऐकू येतं. घंटी झाली आणि आईचा आवाज आला, यादव, तू शे का? कव्हय येशी रे? माझा फोन हाताशी होता. उचलून नुसतं आई म्हणायचं होतं. माझ्याच्याने झालं नाही. ती कधी येशील विचारणार आणि मी परत परीक्षा सांगणार, म्हणून तर दिवाळीपासून फोन बंद केला होता. पुढच्या दोन्ही रविवारी मी फोन दुरुस्तीसाठी लावलाच नाही, तिचं बोलणं ऐकण्यासाठी लावला. आवाज मोठा करून ऐकलं. गुडघा सुजलाय, ताटलीतली अर्धी भाकरी मांजरीला घालते, मंजुळाबाईंना नातू झाला, सगळं ऐकलं. आणि तुला वायरी बदलायला लावल्या. लाज वाटते गं.

फरशी कधीच झाली. कॉम्प्युटर ठेवायला जागा नव्हती म्हणून तिच्या खोलीत ठेवला, चार दिवसांसाठी. तिची खाट सुटी करून माळ्यावर टाकली. तुला मदत करायला मी बसायचो ते तिच्याच जागेवर. काल टेबल बैठकीत काढलं, खाट खाली उतरवून परत जोडली. बेबाने गादी उन्हात टाकलीय.

सहा तारखेला शनिवारी पहिल्या एस.टी.ने तिला न्यायला येतो. चौकोनही तेव्हाच समोर बसून काढीन. आणि या रविवारी दहाला फोन करीन. यंत्र नाही, मी. तू उचलू नकोस, तिलाच उचलू दे.

रागव, पण लोभ ठेव.

यादव

---

धुळे,
३१ जानेवारी १९९९

चि. यादव यास अक्काचा जयभीम.

पत्र वाचून दोन दिवस तुझ्या नावाने जेवण गोड लागलं नाही. मग मलाच वाटलं, मी तरी दोन वर्षं हे सरळ कुठे लिहिलं? आईसारखंच मीही चार दिवस म्हणत राहिले.

शनिवारी ये. आईने दुपारीच मंजुळाबाईंना सांगून टाकलं, चार दिवस झाले, आता जाते. पेटी भरायची नाही, ती दोन वर्षांत तिने रिकामीच केली नव्हती.

सकाळी फोन झाल्यावर काय बोलला विचारलं. थोडी खट्टू होती. म्हणाली, "आज तो नुसता रडना. मन्हं काही ऐकंच नही."

येशील तेव्हा रडू नकोस, आधी तिचं ऐक, मग कॉम्प्युटर. आशीर्वाद आहेतच.

तुझी,
सुंदर अक्का