तुरेवाली की मानबोडकी

१२ सप्टेंबर
लिहायला बसण्याचं कारण एकच — शेजारचा गाव्रा. ईस्टरला चर्चच्या अंगणात लाल अंड्यावर अंडं आपटायचं, ज्याचं फुटेल त्याने ते दुसऱ्याला देऊन टाकायचं. सहा वर्षं ओळीने माझंच फुटलं. आणि सहाही वेळा गाव्राने ते माझ्यासमोर सोलून, मीठ लावून खाल्लं! दुकानातली अंडी बस झाली. आता स्वतःच्या कोंबड्या. कारण मात्र कोणालाही सांगणार नाही. आयुष्यभर जीवशास्त्र शिकवलेली बाई अंड्यासाठी पेटली म्हणतील.

१५ सप्टेंबर
बाजार. पांढऱ्या लेगहॉर्न ढीगभर अंडी देतात म्हणे. आमच्याकडच्या रीतीने एक अंडं समोरच्या दातांवर वाजवून टरफल किती टणक ते पाहिलं. पोकळ! नापास. विकणारा म्हणाला, "बाई, अंडं खातात, वाजवत नाहीत." कुठून आला होता कोण जाणे.
गाव्रा मागोमाग होताच. "मास्तरीणबाई, कोंबडी घेताय की सून बघताय? आपल्या बनात प्रांतातली मानबोडकी घ्या, माझ्याकडे आहे तशी."
ती बिनपिसांची मान बघवत नाही. कोणीतरी अर्धी सोलली आणि दारावरची घंटा वाजली म्हणून सोडून दिली, तशी दिसते.
सोंबोर शहराकडच्या तुरेवाल्या चार घेतल्या. देखण्या.

३ नोव्हेंबर
तुरा डोळ्यांवर येतो. एक बादलीला धडकली, दुसरी माझ्या चपलेला घाबरून झाडावर. अंडी नाहीत.

२० फेब्रुवारी
अंडी सुरू. सगळी वाजवली. सगळी नापास. कुंपणापलीकडून — "दात सांभाळा, मास्तरीणबाई!"

१९ मार्च
खुराड्यात एक अंडं — दगडासारखं वाजलं! कोणत्या पोरीचं कळेना. चौघींनाही जास्तीचा मका.
मागच्या भिंतीचा चुना खालून पुन्हा गळलाय. ओल असणार.

२ एप्रिल
तसलंच आणखी एक! गाव्रा कुरकुरतो, "माझी सगळ्यात चांगली कोंबडी कुठंतरी चोरून घालते." मी म्हटलं, "शिस्त लावा."

१४ एप्रिल, पवित्र शुक्रवार (गुड फ्रायडे)
कांद्याच्या सालींत अंडी रंगवली. २ एप्रिलच्या त्या दगडी अंड्यावर पेन्सिलीने बारीक खूण, ओळखू यावं म्हणून.

१६ एप्रिल, ईस्टर
"ख्रिस्त उठला!" म्हणत आपटलं. "खरंच उठला," गाव्रा म्हणाला, तोंड मात्र शुक्रवारचंच. त्याची सगळी फुटली! एक तिथंच सोललं. मीठ घरून नेलं होतं.

१७ एप्रिल
विजेतीला शाबासकी द्यायला खुराड्यात वाकले. घरट्यात मानबोडकी! गाव्राची. माझ्याकडे निवांत बघत तिने अंडं घातलं. मी दातांवर वाजवलं.
दगड.
पालथ्या बादलीवर बसून राहिले. कोणी पाहिलेलं नाही. पण मी पाहिलंय ना! ती उठली, मागच्या भिंतीशी गेली आणि चुना टोचून खाऊ लागली. चोच पांढरी. ओल कसली!

१८ एप्रिल
सगळं सांगितलं. गाव्रा कुंपणावरून ओरडला, "म्हणजे अंडं माझं!" मी म्हटलं, "आणि टरफल माझ्या भिंतीच्या चुन्याचं. सहाही वर्षांचं!"
दिलं — मानबोडकी एक, तिचं अंडं एक.
घेतलं — चुना एक बादली, कुंचला एक. कुंचल्याबरोबर गाव्रा, भिंत रंगवायला.