दाण्याची लाल साल

९ जून, मंगळवार

चि. खटपट्यास,
अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. गुडघा कुरकुरतो, ते चालायचंच. पत्र बघून हसशील, पण फोनवर मी मुद्द्याला आले की नेमकी तुझी रेंज जाते. कागदाला रेंज लागत नाही.

मागच्या मंगळवारी आपल्या बियाण्याच्या गोदामाच्या खिडकीपाशी तू ताईला काय म्हणालास, ते मी आतून ऐकलं. "पाणी जास्त दिलंस म्हणून दाणे कुजले. बुरशीचं वर्ष आहे, त्यात बियाण्याचा काय दोष?" सख्ख्या बहिणीला असं. आपलंच बियाणं पेरून तिने अर्धं रान पुन्हा उकरलं, नवऱ्याचे टोमणे खाल्ले, आणि वर तूच तिला पाण्याचा धडा दिलास. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

बुरशीचं तू मला सांगू नकोस. चौथीच्या पुढे मी शाळा पाहिली नाही, पण भिंग घेऊन भुईमुगाच्या दाण्यांकडे चाळीस वर्षं बघते आहे. ती लाल साल काय शोभेला असते? चावून बघ, तुरट लागते. तो तुरटपणा बुरशीला अडवायला आहे. साल अखंड असली की बुरशीला आपला रस सोडून ती मऊ करत बसावं लागतं, आणि तेवढ्यात दाणा कोंब काढून मोकळा होतो. दाणा स्वतःही लढतो, पण अंगात ओल शिरल्यावर. पोत्यात कोरडा असतो तेव्हा तो झोपलेला असतो. काळ्या बुरशीला मात्र जरासा दमटपणाही पुरतो. साल फाटलेली असेल, तर बुरशी त्याला झोपेतच गाठते.

म्हणजे बुरशीने दार फोडलं नाही. आपण उघडून दिलं, तुझ्या त्या शेंगा फोडायच्या यंत्राने. ताई गेल्यावर मी यंत्रातले शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले, शेजारी हाताने फोडलेले शंभर. आज उघडले. हाताचे तीन काळे पडले, यंत्राचे एक्केचाळीस.

आता ज्यासाठी एवढा कागद खर्ची घातला ते लिहिते. पोत्यांवरच्या चिठ्ठ्यांवर 'उगवण तपासली' म्हणून सही माझी आहे. मी तपासले ते दाणे हाताने फोडलेले, यंत्रात जायच्या आधीचे. तुझ्या बाबांच्या वेळेपासूनची रीत तशीच. तेव्हा सगळंच हाताने व्हायचं, आधी काय नि नंतर काय. यंत्र आलं तरी मी रीत बदलली नाही.

आणि पहिल्याच दिवशी यंत्राखाली लाल सालींचा सडा मी पाहिला होता. झाडून टाकला. तू म्हणाला होतास, "आत्या, आता तुझ्या बोटांना सुट्टी." माझ्या वाकड्या बोटांसाठी तू ते आणलंस, त्यात खोट कशी काढू? म्हणून गप्प बसले, आणि त्या मंगळवारीही खिडकीच्या आतच राहिले. माझा निम्मा राग माझ्यावरच आहे. उरलेला निम्मा तुझा, सुटलास असं समजू नकोस.

सकाळी ताईकडे जाऊन माझी चूक कबूल केली. ती म्हणाली, "आत्या, तू कशाला आलीस? तो का नाही आला?"

शुक्रवारी निघायची पोती निघणार नाहीत. चिठ्ठ्या मी काढून घेतल्या आहेत. ज्यांनी आधी नेलं, त्यांच्या घरी उद्यापासून मी जाते आहे. गोदामाला कुलूप आहे आणि किल्ली ताईकडे दिली आहे. हवी असेल तर तिच्या दारात जाऊन माग. काय बोललास म्हणजे द्यायची, ते तिला सांगून ठेवलंय. तुला सांगायची वेळ येऊ नये.

जेवत जा वेळेवर.

तुझी,
पुन्हा शेंगा फोडायला बसलेली
आत्या