आयुधपूजेला राहिलेला टाका

आई, मी विमानात बसले. परदेशी जायच्या मोठ्या विमानाचं म्हणत नाही, त्याचं तुला कधीच कौतुक नव्हतं. तुमच्या त्या दोघांपुरत्या, कापडी पंखांच्या विमानात बसले. परवा सकाळी खाली उतरले, पण पाय अजून जमिनीला लागलेले नाहीत. दोनदा दूध उतू गेलं. तुझा जावई म्हणाला, एकदाचं कुणाला तरी सगळं सांगून टाक, नाहीतर घर जाळशील. म्हणून तुला सांगायला बसलेय.

तुमच्या त्या लहान विमानांच्या कारखान्यात घरच्यांना एरवी फाटकातून आत सोडत नसत. फक्त आयुधपूजेला, म्हणजे खंडेनवमीला, मोकळीक. मी नवा फ्रॉक घालून तुझं बोट धरून चाललेय. यंत्रांना केळीचे खांब बांधलेत, विमानाच्या पंख्याला कुंकू लावलंय, दारात फोडलेल्या कोहळ्यावरून सगळे उड्या मारत आत जातायत, आणि माझ्या ओच्यात चुरमुरे-फुटाणे. तुझ्या खात्यात शिरल्या शिरल्या तो वास येतो, जो रोज संध्याकाळी तुझ्या केसांना यायचा. कापड ताणून बसावं म्हणून त्यावर लावायच्या रोगणाचा, नखं रंगवतात त्या रंगासारखा. मध्ये एक अख्खा पंख कडेवर उभा केलाय. आत लाकडी फासळ्या, वरून कापड, आणि ते कापड प्रत्येक फासळीला शिवायचं. पंखाच्या अलीकडे तू, पलीकडे तुझ्या जोडीला कानडी अक्का. तू सुई आरपार घालायचीस, त्या तिकडून परत पाठवायच्या. दिवसभर शेजारी असून तुम्हाला एकमेकींचं तोंड दिसायचं नाही, आणि तरी कापडातून तुमच्या गप्पा चालायच्या.

त्या दिवशी ती लांबलचक सुई झेंडूच्या फुलांत ठेवली होती. मी उचलली. फट्कन हातावर चापट बसली.

"ठेव ती. आज तिचा सण आहे. आज तिला काम सांगायचं नाही."

"मग उद्या मी शिवू?"

"उद्या तुला आत कोण सोडणार? सुम्ने, गप बस."

खरंच होतं ते. काम चालू असताना मला येता येणार नाही आणि मला येता येईल तेव्हा काम बंद. मी इतकी चिडले की सगळे चुरमुरे तिथेच सांडले. पुढे कापडी पंख बंद झाले, तुम्हा दोघींना आसनांची कव्हरं शिवायला बसवलं. घरावरून विमान गेलं की तू मान वर करायचीस आणि "पत्र्याचं" म्हणून पुन्हा भाजी चिरायला लागायचीस. माझ्या गणवेशाची बटणं मात्र तू अशी लावलीस की शाळा संपली, बटणं तुटली नाहीत.

तू कधी त्यात बसलीस का, असं मी विचारलं होतं. "शिंप्यानं गिऱ्हाइकाचा कोट घालून हिंडावं का?" म्हणालीस. पण मग हात थांबले तुझे. "एकदा बघायचं होतं गं. वर गेल्यावर वाऱ्यानं कापड कसं वागतं, टाके धरतात का. इथे खाली काय, सगळंच धरतं." हे तू शेवटच्या आजारात पुन्हा एकदा बोललीस, आई. माझ्या मनातून ते कधी गेलंच नाही.

तर गेल्या महिन्यात अक्कांचा फोन. इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी करणाऱ्या काही हौशी मुलांनी एक जुनं विमान उडवायला घेतलंय, पंखाला नवं कापड लावायचंय, आणि शिवणारं कोणीतरी हवं म्हणून अक्कांना शोधून काढलंय. अक्कांनी अट घातली, "पलीकडे तिची मुलगी उभी राहील, तरच." मी हेब्बाळच्या पुढच्या त्या धावपट्टीवर जवळजवळ पळतच गेले. अक्का खूप थकल्यात, डोळ्यांना नीट दिसत नाही, पण कापडावर बोटांनी टकटक केलं आणि सुईचं टोक माझ्यासमोर बाहेर आलं. मी ती ओढून घेतली आणि परत पाठवली. बरोबर झालं का ते बघायला मी पंखाआडून डोकावले, तेवढ्यात दोरा सैल पडला.

"इकडे काय बघतेस, पुट्टी? तुझी अम्मा कधी बघायची नाही. दोरा ओढ स्वल्प. हां, सरी."

तपासायला आलेल्या इंजिनिअरनं ओळीवरून बोट फिरवलं आणि माझी एक ओळ उसवायला लावली. वाटलं, तुझं नाव घालवलं. अक्कांनी माझ्याकडून नवा दोरा ओवून घेतला आणि पुन्हा टकटक केली. दुसऱ्यांदा त्यानं बोट फिरवलं, मान हलवली आणि पुढच्या ओळीकडे गेला. मला नाचावंसं वाटत होतं, आणि थोडी नाचलेही.

चाचण्या झाल्या, कागद झाले, आणि मुलांनी मला बसायला बोलावलं. मी आधी अक्कांना म्हटलं, तुम्ही बसा. त्या म्हणाल्या, "मला काय दिसणार वर? तू जा. बघून ये, मग सांग." विमान चालवणारी मुलगी पुण्याची, माझ्या लेकीच्या वयाची. विमान धडधडत सुटलं, मग एकदम खालची चाकांची धडधड थांबली, आणि मी हसत सुटले, उगाच, मोठ्यानं.

"काकू, खाली बघा ना! तळं किती क्लिअर दिसतंय!"

"हो, हो," मी म्हणाले.

परत आल्यावर सगळ्यांनी विचारलं, वरून बेंगळूर कसं दिसतं. तळं सुंदर दिसलं, असं मी सांगितलं. तुझ्या जावयालाही तेच सांगितलं. अक्कांना तेवढं खरं कळवलंय, आणि आता तुला सांगते. हे पत्र कुठे धाडायचं नाही, म्हणून सांगायला हरकत नाही. मी खाली बघितलंच नाही. त्या विमानाचा पंख डोक्यावर असतो, मी सगळा वेळ मान वर करून बसले होते. दोन ओळींच्या मधलं कापड वाऱ्यानं जरासं हलत होतं. टाक्यांवर हललं नाही, आई.